मोडीत काय येईल?

पहिला रुपया ११.०४ ग्रॅम भरला. दुसरा ११.०९. तिसऱ्याची कड एका बाजूनं झिजलेली, तो १०.९३.

कॉलेजच्या लॅबमधला तराजू, संध्याकाळी साडेपाचनंतरची वेळ, बारावीची शेवटची बॅच नुकतीच गेलेली. मी लातुरात एका ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये सहायक आहे. सरांना विचारून थांबले होते, म्हणजे चोरीचा मामला नव्हता. तरी दार लोटून घेतलं होतं. चांदीचं काही हातात दिसलं की आपल्याकडं माणसं आधी भाव विचारतात.

असे अकरा रुपये. हाली सिक्का. मोठीमाय, म्हणजे माझी आजी, २०१९ साली गेली. तिचं तेरावं झाल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा लुगड्याच्या चिंधीत गाठ मारून ठेवलेले सापडले. पेटीला एका कोपऱ्यात मोठा पोचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या औसा तालुक्यातल्या घराचं माळवद खाली आलं, त्याचा. माणसं अंगणात झोपली होती म्हणून वाचली. पेटीतलं सोनं, म्हणजे डोरलं अन् कानातली फुलं, आत्यांकडं गेलं आणि ते रीतीनंच झालं. रुपयांना कोणी हात लावला नाही. "चलन बंद झालेलं, घिऊन काय करता?" असं धाकटे काका म्हणाले. मग ते अकरा रुपये, मोठीमायची झिजलेली जोडवी आणि आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, बैलाच्या घागरमाळेतलं एक सुटं घुंगरू, एवढं मी पिशवीत घालून लातूरला आणलं.

हाली म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं नाणं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात मराठवाड्यात दोन रुपये चालायचे, इंग्रजांचा कलदार आणि निजामाचा हाली. कलदार पुरा तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. हाली त्याहून थोडा हलका, आणि चांदीही कमी. जुन्या कलदारात शेकडा ९१.६७, तर हालीत ८१.८. सात हाली दिले की सहा कलदार, असा हिशोब. मोठीमाय म्हणायची, "हाली म्हंजे कलदारची धाकटी जाऊ गं. काम दोघींलाबी सारखंच, मान तेवढा थोरलीला."

नाण्यावर चारमिनार आहे. त्याच्या मधल्या कमानीत एक अक्षर आहे, मला ते नेहमी विळ्यासारखं दिसायचं. आमच्या ऑफिसातल्या बाजींनी चष्मा वर करून बघितलं आणि सांगितलं की तो 'ऐन' आहे, उस्मानचं उर्दूतलं पहिलं अक्षर. म्हणजे शेवटचा निजाम, मीर उस्मान अली खान. साल हिजरीतलं, १३३०. आपलं १९१२. मोठीमायच्या जन्माच्याही तीसेक वर्षं आधीचं. तिचा जन्म कधीचा ते तिला नेमकं ठाऊक नव्हतं. "रझाकाराच्या धामधुमीत मी आठ-नऊची असंल," एवढाच तिचा जन्मदाखला.

वजनं लिहून झाल्यावर भिंग घेतलं. चारमिनारच्या वर, नाण्याच्या अगदी कडेला, एक बारीक उंचवटा दिसला. खपली धरल्यासारखा. दुसऱ्या नाण्यावर तिथंच. तिसऱ्यावरही तिथंच. अकराच्या अकरा.

तो डाख होता, सांधा जोडायला वितळवतात तो धातू. प्रत्येक रुपयाला कधीतरी कडी जोडलेली होती आणि कधीतरी ती उपटून काढलेली होती.

लहानपणी मोठीमाय सांगायची की माहेरच्यांनी तिला लग्नात एकवीस रुपयांची माळ घातली होती. मी ऐकायचे आणि सोडून द्यायचे. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टीत दागिने वाढत जातात, दूध वाढतं, जमीन वाढते, असं माझं मत होतं. त्यात ज्या बाईच्या गळ्यात मी काळ्या पोतीशिवाय काही पाहिलं नाही, ती एकवीस रुपयांची माळ म्हणत असेल तर कसं मानावं? तराजूवर बसलेली असताना मला पहिल्यांदा लाज वाटली. माळ होती. पुरावा तिनं चिंधीत बांधून ठेवला होता आणि आम्ही विचारलाच नाही.

ती माळ बहात्तरच्या दुष्काळात दोन हप्त्यांत मोडली. हेही तिनंच सांगितलं होतं, पण मला वाटायचं दोन हप्ते म्हणजे गोष्टीला रंग. तसं नव्हतं. आधी मधली साखळी आणि कड्या गेल्या, कारण रुपये राहावेत अशी तिची इच्छा होती. पुढं तेवढ्यानं भागेना, तेव्हा दहा रुपये गेले. चलन बंद होऊन वर्षं झालेली, त्यामुळं रुपयाला रुपया म्हणून किंमत नव्हती, मोडीचा भाव तेवढा. आबा पाझर तलावाच्या कामावर माती उचलत होते, ती खडी फोडत होती, लेकरांना सुकडी मिळायची अन् घरात लाल मिलो शिजायची. आईच्या म्हणण्यानुसार मोठीमायला मिलोचा वास पुढं मरेपर्यंत सहन झाला नाही. माळ गेल्याचं मात्र तिच्या तोंडून कधी हळहळून आलं नाही. "डाग मोडायसाठीच असतो माय. मोडता येईना तो डाग कशाला करायचा?"

डाग म्हणजे दागिना. या एका वाक्यानं मला पुढं लई छळलं.

२००९ साली पहिल्या पगारातून मी स्वतःला खड्यांची कानातली घेतली होती. हिरवे खडे, सोन्याचं पाणी. सुट्टीला गावी गेल्यावर मोठीमायनं ती हातावर घेतली, तळहात दोनदा वरखाली केला आणि विचारलं, "मोडीत काय येईल?"

"काहीच नाही. हौसेचं आहे."

"मग हे लोखंड कशाला आणलीस?"

आबा ओसरीवर पान लावत होते. अडकित्ता थांबवून म्हणाले, "चांगलं दिसायलंय की." एवढंच. आबांचं बोलणं तेवढंच असायचं.

तर आता मी तिच्या आठवणीचा दागिना करणार, आणि आठवणीला मोडीत काही येत नाही. तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती हे मला शब्दागणिक ठाऊक होतं. तरी करायचा होता. दुकानात देऊन करून घेणं जमलं असतं, पण हुपरीहून तयार आलेल्या पट्टीत नाणं बसवून पाच मिनिटांत देतात. ते मला नको होतं. स्वतःच्या हातानं करायचं होतं, आणि मला तर लॅबमध्ये बर्नर पेटवण्यापलीकडं काही येत नव्हतं.

गंजगोलाईच्या सराफ लाइनमागच्या एका बोळात एक म्हातारे सोनारकाका बसतात. लातूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, गोलाई म्हणजे १९१७ ची गोल दुमजली बाजारपेठ, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते. नवीन माणूस चुकला की फिरून तिथंच येतो. काकांच्या दुकानात काच नाही, एसी नाही. एक ऐरण, एक शेगडी, गॅसची टॉर्च, आणि भिंतीला टेकून ठेवलेली जंतराची पोलादी पट्टी. भोकं मोठ्यापासून बारीक होत गेलेली, तिच्यातून तार ओढायची. पहिले दोन रविवार ते मला हातच लावू देईनात. तिसऱ्या रविवारी टाकणखार पाण्यात उगाळायला दिला. चौथ्यालाही तेच. पाचव्याला म्हणाले, "लॅबवाली ना तू? मग चांदी कितीला वितळते?"

"९६१."

"मला आकडा नको. कसं दिसतं ते सांग."

ते मला सांगता आलं नाही. नाही आलं म्हणूनच पुढचं झालं.

जोडव्यांपैकी एक तुटलेलं होतं. डाख देऊन जोडावं आणि स्वतः घालावं, असा बेत. चांदी आधी मळकट होते, मग काळोखात दिसेल न दिसेल अशी लाल होते, मग डाख एकदम पाण्यासारखा पळतो. त्या क्षणाला ज्योत काढून घ्यायची. काका सारखं सांगत होते, "उजेड कमी कर, रंग बघ." मी दाराकडं तोंड करून बसले होते. भर उन्हात लाल रंग दिसतो कुठं! वाटलं अजून तापलं नाही, म्हणून ज्योत जवळ नेली. मोठीमायच्या पायात साठेक वर्षं राहून एका बाजूनं कागदासारखं झालेलं ते जोडवं त्याच बाजूनं खचलं, चमकलं आणि गोळा होऊन कोळशावर बसलं. हरभऱ्याएवढा गोळा. मी ओरडलेसुद्धा नाही.

काकांनी चिमट्यानं उचलून पाण्यात टाकला. चर्र झालं. "झिजलेला डाग आधी सगळीकडून सारखा तापवायचा असतो," ते म्हणाले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तो गोळा आठ महिने माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या इंडिकेटरच्या बाटलीत राहिला. घरी कोणाला सांगितलं नाही. आईनं विचारलं, तेव्हा "पॉलिशला दिलंय" म्हणाले.

आता घुंगराचं. आबांकडं शेवटची जोडी देवणी होती, पांढऱ्यावर काळे ठिपके, अंगानं देखणी. ती त्यांनी हाळी हंडरगुळीच्या बाजारात विकली, गुडघे गेल्यावर. (त्या गावाचा हाळी वेगळा, आमचा रुपया हाली वेगळा, मी लहानपणी वर्षानुवर्षं समजत होते की रुपये त्या बाजारातून येतात.) बैल दिले, घागरमाळ दिली नाही. पुढं दर पोळ्याला दारात बैल नसतानाही ते चिंच अन् राख घेऊन बसायचे आणि एकेक घुंगरू घासायचे. पिवळं धमक झालं की कानाशी नेऊन हलवायचे. २०११ मध्ये ते गेल्यावर माळेचा चामडी पट्टा उंदरांनी खाल्ला, घुंगरं इकडं तिकडं झाली. मला मिळालं ते मुकं होतं. आतला लोखंडी खडा गंजून फटीतून कधीच पडून गेलेला.

त्यात खडा घालून पदक करायचं ठरवलं. काका घुंगरू टिचकी मारून ऐकत बसले. पितळेचं आहे की काशाचं, हे आधी ठरवणं भाग होतं. पितळ तापवून गार केलं की मऊ पडतं, फट फाकवता येते. काशात कथील जास्त, ते तडकतं. टिचकीनं खात्री होईना, म्हणून कानशीनं कडेला किंचित घासून रंग बघितला. पितळ निघालं. फट फाकवली. काका खड्यांची डबी शोधायला आत गेले. मी पर्समधून इंडिकेटरची बाटली काढली आणि गोळा आत सोडला.

ते बाहेर येऊन बघतात तर मी फट दाबत होते. हलवून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "चांदी मऊ. आवाज बद्द येतोय. लोखंडाचा टाक."

खरंच बद्द येतो. किण किण नाही, खड् खड् असा. बंद डबीत सुपारी हलावी तसा. मी बदलला नाही. चांदीच्या तारेची कडी करून काळ्या सुती दोऱ्यात ते गळ्यात घालते, लॅबमध्ये सोडून सगळीकडं. आत काय आहे हे फक्त काकांना माहीत होतं. आता आईसुद्धा वाचेल. आई, पॉलिशला नव्हतं दिलं.

रुपयांना मात्र मी आग लावणार नव्हते. भोक पाडणार नव्हते आणि नवी कडीही थेट जोडणार नव्हते. एकदा तो त्रास त्यांचा होऊन गेला आहे. मग उरतं कोंदण. शुद्ध चांदीची पातळ पट्टी नाण्याच्या घेरापेक्षा केसभर मोठी वळवायची, टोकांना डाख द्यायचा, मागं एक आधाराचं कडं आणि वर दोऱ्यासाठी कडी जोडायची. हे सगळं नाण्याशिवाय. गार झाल्यावर तुरटीच्या पाण्यात उकळून साफ केलं की मग नाणं आत ठेवायचं आणि पट्टीची कड हळूहळू नाण्यावर दाबत न्यायची. शुद्ध चांदी लोण्यासारखी वळते, पण घाई केली तर सुरकुत्या पडतात. आधी उत्तर, मग दक्षिण, मग पूर्व, मग पश्चिम अशी समोरासमोर दाबायची. माझ्या पहिल्या तीन कोंदणांना सुरकुत्या आहेत. त्यातलं एक मी ठेवलं, दोन आईला अन् थोरल्या काकूला दिली, कारण त्या दोघी बोलणार नाहीत याची खात्री होती.

डाखाची ती जुनी खपली कोंदणाखाली झाकता आली असती. मी पट्टी तिथं जाणून थोडी अरुंद ठेवली. चारमिनारच्या डोक्यावर ती दिसते. खाचांमधला काळेपणाही काढला नाही. हवेतल्या गंधकानं चांदी काळी पडते, ते काही मळाचं लक्षण नाही, पण हे घरच्यांना समजावून सांगणं अवघड गेलं. धाकट्या काकूनं मागं त्याला रिठ्यानं घासलंच.

शेवटचं काम पटवेकऱ्याचं. गोलाईजवळ आता बोटावर मोजण्याएवढे उरलेत. हे गृहस्थ पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसतात आणि दोन्ही हात मोकळे ठेवून इतक्या जलद गाठवतात की मी तीनदा बघूनही सरकगाठ मला कळली नाही. लाल दोरा, मागं गोंडा, लांबी कमी-जास्त होईल असा फास. अकरा नग बघून त्यांनी मान वर केली.

"दुकान टाकलाव का?"

"नाही. घरच्या बायकांसाठी."

"मग वरसाला एकदा घिऊन या. घामानं दोरा कुजतो."

दोन आत्या, आई, दोन काकू, आणि आम्ही सहा नाती. बरोब्बर अकरा. धाकटी काकू म्हणते, मोठीमायनं मोजूनच मागं ठेवले होते. मला ते पटत नाही. बहात्तर साली आमच्यापैकी एकही नात जन्मली नव्हती, सहावी तर २००१ ची. अकरा उरले कारण दहा गेले. पण काकूला तसं वाटून समाधान मिळत असेल तर मिळू दे.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळी मंडळी शेतात येतात, म्हणून तेव्हाच वाटायचं ठरवलं. कडब्याची कोप उभी होती, आत पांडवांची पूजा झाली होती, भज्जी आणि उंडे झाल्यावर आंबिलाचं बिंदगं दुसऱ्यांदा फिरत होतं. मी पिशवी काढली. नातींनी लगेच घातले अन् फोटो सुरू झाले. धाकटी आत्या रडली. आईनं चारमिनारवरून बोट फिरवलं आणि खपलीपाशी थांबवलं, काही बोलली नाही.

थोरल्या आत्यानं पदक तळहातावर घेतलं. तळहात दोनदा वरखाली केला.

"मोडीत काय येईल गं ह्याचं?"

माझ्या हातातला आंबिलाचा पेला कलंडला. तोच हात, तोच झोल, आवाजसुद्धा तोच. मला वाटलं होतं तसं वाईट वाटलं नाही. उलट मी पटकन हिशोबच सांगायला लागले. "रुपयात शेकडा ८१.८ चांदी आहे आत्या. नऊ ग्रॅमच्या आसपास निव्वळ. कोंदण वेगळं, ते अडीच-तीन ग्रॅम, शुद्ध. शिवाय जुनं नाणं म्हणून घेणारा भेटला तर जास्ती."

"मग हे मागं लिहून का नाही दिलीस? सोनार म्हणंल ते मी खरं मानू? तुझ्या मोठीमायला त्या साली त्यानं रुपये तोलताना काय काय सांगितलंय, तुला ठाऊक न्हाई."

मला खरंच ठाऊक नव्हतं. तिनं तेव्हा दहा वर्षांची असताना आईबरोबर औशाला जाऊन ते बघितलं होतं. काय सांगितलं, ते तिनं त्या दुपारीही सांगितलं नाही. आंबील प्यायली आणि पदक परत माझ्या हातात दिलं. "लिहून आण. कोंदणाचं वायलं लिही."

मग अकराच्या अकरा परत गोळा केले. नातींनी कुरकुर केली. काकांकडं आकड्यांचे ठसे आहेत, बारीक, अर्ध्या ज्वारीएवढे. नाण्याला हात न लावता मागच्या कड्यावर ते एकेक करून मारले. आधी रुपयाचं वजन, मग टिंब, मग कोंदणाचं. काका म्हणाले, पन्नास वर्षांत असं काम कोणी सांगितलं नव्हतं. मजुरी घेतली नाही, चहा मात्र माझ्याकडून दोनदा प्यायले.

संक्रांतीला थोरल्या आत्याकडं पदक घेऊन गेले. तिनं चष्मा लावला, मागचा आकडा बोटानं वाचला. १०.९३. झिजलेला तिसरा रुपया तिच्या वाट्याला आला होता, मी मुद्दाम दिला नव्हता. तिनं चष्म्यावरून माझ्या गळ्याकडं बघितलं.

"तुझा किती भरला?"

माझा ११.०९. आता तो तिच्या गळ्यात आहे.